तन्वीचे वजन आणि आमच्या बाई

डॉ. कुमुद सावे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या रागावलेल्या होत्या. बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपवून मी डहाणूला त्यांच्या रुग्णालयात नोकरीसाठी भेटायला गेलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची फाईल. बाई व्हरांड्यात उभ्या राहून एका माणसाला झापत होत्या. सायवनकडच्या पाड्यावरून आलेल्या त्या माणसाची तान्ही मुलगी हातापायांच्या काड्या होऊन आत खाटेवर पडली होती. दुधाच्या पावडरीचा एकच डबा पुरवून पुरवून वापरायचा म्हणून घरात तिला जवळजवळ नुसते पांढरे पाणी पाजले जात होते. माणूस मान खाली घालून ऐकत होता. बोलून झाल्यावर बाई थांबल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू सकाळपासून काही खाल्लंस का?" तो नाही म्हणाला. त्याला त्यांनी स्वयंपाकघराकडे पाठवले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "तुम्ही डॉक्टर ना? मग उभे काय राहिलात? हात धुवून या." मुलाखत म्हणतात ती एवढीच झाली. फाईल मी न उघडता घरी परत नेली.

त्या मुलीला बरे व्हायला बराच काळ लागला, पण ती बरी झाली. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत अशी बरी होऊन घरी गेलेली मुले पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही आता स्वतः आईबाप होऊन आपली मुले घेऊन बाईंकडे येतात. बाईंचे सारे आयुष्य मुलांचे वजन वाढवण्यात गेले. पाड्यावर गेल्या की त्या आधी त्या घरातल्यांबरोबर भाकरी खात, मग मुलाच्या खाण्याविषयी विचारत. "आपण त्यांच्या ताटातलं खाल्ल्याशिवाय त्यांच्या ताटाबद्दल बोलू नये," असे त्यांनी मला पहिल्याच फेरीत सांगितले होते. रुग्णालयात त्यांनी आयांसाठी वेगळी चूल मांडून दिली होती. तिथे आया स्वतः शिजवत आणि स्वतःच्या हाताने मुलांना भरवत. या कामाबद्दल बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात माझ्याहून जाणती माणसे लिहितील. त्यांच्या हाताखाली काही वर्षे काढून मी तलासरीला स्वतःचा दवाखाना थाटला, तेव्हा उद्घाटनाला येताना त्यांनी हार आणला नाही. मुलांना तपासायचे चांगले टेबल आणले, आणि ते टेम्पोतून उतरवताना स्वतः एक बाजू धरली.

संपादकांनी मला बाईंविषयी एखादी प्रसन्न आठवण लिहायला सांगितली होती. मी बाईंना विचारले, "काय लिहू?" त्या म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर तन्वीचं लिही. तिच्या आईला विचार, ती हो म्हणाली तरच." मी प्रमिलाताईंकडे गेलो. मासळी बाजारात त्या सुरमई कापत होत्या. ऐकून त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "लिहा. नाव बदलू नका. पोरीचं नाव कुठंतरी छापून येऊ दे." म्हणून हे लिहितो आहे. ही आठवण प्रसन्न नाही. पण बाई कोण आहेत हे मला त्यातूनच नीट कळले.

तन्वी ही हरीश आणि प्रमिला तांडेल यांची एकुलती एक मुलगी. किनाऱ्यालगतच्या वाडीत त्यांचे घर. हरीशची स्वतःची होडी, प्रमिलाताई बाजारात मासळी विकतात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली ही मुलगी लाडात वाढली. तेरा वर्षांची तन्वी वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जड होती. बोलकी, मोठ्याने हसणारी, कुणी जाडी म्हटले तर उलटून चार शब्द ऐकवणारी. तिला अधूनमधून ताप येऊ लागला आणि गुडघे दुखू लागले, तेव्हा आधी एका डॉक्टरांनी साधा ताप म्हणून औषध दिले, दुसऱ्यांनी गुडघ्यांसाठी वजन कमी करायला सांगितले. घरात, शेजारात कुणाच्याही मनात वावगे आले नाही. एवढ्या भरलेल्या पोरीला कुठला मोठा आजार असेल, असेच सगळे म्हणत.

बाईंनी तिला पाहिले त्या दिवशी मी कामानिमित्त डहाणूलाच होतो. तन्वी टेबलावर चढताना धापा टाकत होती. बाईंनी तिच्या पायांवरचे जांभळे ठिपके पाहिले, हिरड्या पाहिल्या. मग पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पोटावर चरबीचा थर असला की आतली वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला चटकन लागत नाही. त्यांनी तिला कुशीवर वळवले, दीर्घ श्वास घ्यायला लावला, आणि मला खुणेने हात ठेवायला सांगितले. माझ्याही बोटांना ती लागली. बाईंनी रक्ततपासणीचा कागद पुढे ओढला. तन्वीनेच विचारले, "काय झालं? बाळबिळ आहे की काय पोटात?" आणि स्वतःच हसली. प्रमिलाताईंनी तिच्या दंडावर चापट मारली.

रक्ताचा अहवाल आला. रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया. पुढच्या तपासण्या आणि उपचार मुंबईलाच होणार होते. बाई त्या कुटुंबाबरोबर स्वतः गेल्या, मीही सोबत गेलो. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितले की मुलांमधला हा आजार बऱ्याचदा पूर्ण बरा होतो, उपचार लांबलचक असतो, पण मुले त्यातून बाहेर येतात. मग त्यांनी बाईंना बाजूला घेऊन तन्वीच्या वजनाबद्दल सांगितले. एवढे वजन असलेल्या, त्यातून वयात येत असलेल्या मुलांना हीच औषधे जड जातात. यकृत बिघडते, साखर चढते, स्वादुपिंडाला सूज येते, जंतुसंसर्ग लवकर होतो. बाईंनी विचारले, "मग मात्रा कमी करता येणार नाही का?" ते म्हणाले, "आधीच कमी केली तर आजार मागे राहतो. मात्रा तिच्या शरीराच्या मापानेच द्यावी लागेल. त्रास झाला की त्या त्या वेळी बघावं लागेल."

हे आईबापांना कुणी सांगायचे, असा प्रश्न होता. तज्ज्ञ सांगायला तयार होते. बाई म्हणाल्या, "माझ्यासमोर वाढली आहे ती. मी सांगते."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बाई प्रमिलाताईंच्या शेजारी बसल्या. हरीश समोर भिंतीला टेकून उभा होता, मी त्याच्याजवळ. बाईंनी आजाराचे नाव सांगितले, बरा होण्याची आशा सांगितली, आणि मग आवाज न बदलता वजनाचे सांगितले. प्रमिलाताई ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "म्हणजे मी खाऊ घातलं म्हणून झालं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आजार खाण्यानं आला नाही. तो का येतो ते कुणालाच नीट माहीत नाही. पण औषधं सोसताना तिला जास्त त्रास होईल. ते मी आज सांगितलं नाही तर उद्या तू म्हणशील, बाईंना माहीत होतं आणि बोलल्या नाहीत."

प्रमिलाताईंचा चेहरा एकदम कठोर झाला. "बक्षीस तुम्हीच दिलं होतं, बाई. तन्वी एक वर्षाची होती. सगळ्यांत वजनदार बाळ म्हणून तुम्ही तिला चांदीची वाटी दिलीत, फोटो काढलात. तो फोटो आमच्या घरात देवाच्या बाजूला लावलाय. आता तुम्हीच सांगता वजन वाईट."

बाई दरवर्षी सुदृढ बालक स्पर्धा घेत असत. जिथे मुले भुकेने मरतात तिथे भरलेल्या मुलाचे कौतुक झाले पाहिजे, हा त्यांचा विचार होता आणि तो त्या काळी कुणाला चुकीचा वाटला नाही. मला वाटले, बाई आता काही स्पष्टीकरण देतील. त्यांनी दिले नाही. त्या म्हणाल्या, "हो, मीच दिलं होतं." आणि तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने प्रमिलाताई रडू लागल्या तेव्हाही त्या तिथेच होत्या.

उपचार सुरू झाले. पहिल्या टप्प्यात स्टेरॉइडची औषधे असतात, त्यांनी भूक खवळते. साध्या वजनाच्या मुलांनाही ती आवरत नाही, तन्वीला तर ती वेडे करून सोडू लागली. एक ताट संपायच्या आत ती दुसरे मागे. वेफर, वडापाव, तळलेले पापलेट यांची नावे घेऊन रडे. साखर चढली, इन्सुलिन सुरू झाले. वाडीतली माणसे भेटायला येत ती डबे घेऊन येत आणि प्रमिलाताईंना बोलत, "पोर आजारी आहे, तिला पोटभर खाऊ तरी दे." तन्वी त्या माणसांसमोर म्हणे, "आई मला उपाशी मारते." बाई आठवड्यातून एकदा तरी मुंबईला येत. त्या वयात तो प्रवास त्यांना सोपा नव्हता. आल्या की आधी त्या भेटायला आलेल्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर नेत आणि समजावत. एकदा तन्वीच्या आत्याने पिशवीतून लपवून चकल्या आणल्या होत्या. बाईंनी त्या काढून घेतल्या, आत्याला काही न बोलता तन्वीच्या उशाशी बसल्या आणि तिला विचारले, "भूक कुठे लागते ग? पोटात की घशात?"

तन्वी विचारात पडली. म्हणाली, "डोक्यात."

"ती औषधाची भूक आहे. तुझी नाही. तुला हावरट म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव."

त्या दिवशी तन्वी शांत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडली. औषधाची भूक असे नाव मिळाल्याने ती कमी होत नव्हती, पण प्रमिलाताईंना तेवढ्याने धीर आला. त्या तिला सांगू लागल्या, "तू नाही ग मागत, ते औषध मागतंय."

बाकीचे त्रासही एकेक करून आले. हाताच्या शिरा सापडत नसत. पाठीत द्यायच्या इंजेक्शनसाठी मणक्यांमधली जागा बोटांना लागत नसे, पुन्हा पुन्हा टोचावे लागे. कावीळ झाली तेव्हा एक औषध पुढे ढकलावे लागले. मग एके दिवशी तिचे पोट एवढे दुखू लागले की ती गुडघे पोटाशी घेऊन ओरडत राहिली. स्वादुपिंडाला सूज आली होती. तिला अतिदक्षता विभागात नेले आणि तोंडाने काहीही द्यायचे बंद केले. ज्या मुलीला भुकेने काही सुचत नव्हते, तिच्या ओठांना फक्त ओला कापूस लावायची परवानगी उरली. प्रमिलाताई तो कापूस लावत. मी त्या काळात एकदा भेटायला गेलो होतो. तन्वी माझ्याकडे पाहत होती. तिचे गाल औषधाने आणखी गोल झाले होते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ती अजूनही चांगली खात्यापित्या घरची मुलगी वाटली असती.

त्यातून ती वाचली. ज्या औषधामुळे स्वादुपिंड सुजले होते ते मात्र कायमचे बंद करावे लागले. ते महत्त्वाचे औषध होते. तरीही टप्पा संपल्यावरच्या तपासणीत हाडांतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, आजार दिसला नाही. तांडेलांच्या घरी पेढे वाटले गेले. हरीश रुग्णालयात पेढ्यांचा पुडा घेऊन आला तेव्हा बाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "हरीश, आनंद मलाही झालाय. पण अजून उपचार संपलेले नाहीत, आणि तिचं शरीर थकलंय. ताप आला तर एक तासही घरी थांबू नका. थेट माझ्याकडे आणा." हरीश हो म्हणाला, पण त्याचे लक्ष नव्हते. आजार दिसत नाही, एवढेच त्याच्या कानात राहिले होते. त्याला दोष कोण देईल?

पुढच्या टप्प्यात तन्वी घरी राहून मुंबईला ये-जा करू लागली. याच दिवसांत बाई तिला संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला नेत. चालणे म्हणजे सुरूच्या झाडांपासून पहिल्या होडीपर्यंत, मग बसणे. डोक्याला रुमाल बांधलेली ती मुलगी आणि पांढऱ्या केसांच्या बाई, दोघी धापा टाकत वाळूत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तन्वीने एकदा त्यांना विचारले होते, "बाई, मी बारीक असते तर एवढं झालं नसतं ना?" हे मला बाईंनीच नंतर सांगितले. त्यांनी तिला उत्तर दिले होते, "थोडं कमी झालं असतं. पण तुझी चूक नाही. आणि जाडी पोरगी वाईट पोरगी असं कुणी म्हणालं तर ते खोटं." तन्वी म्हणाली होती, "ते मला माहीत आहे. मी सगळ्यांत चांगली आहे."

पावसाळा संपून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या होत्या. हरीश मासेमारीला गेलेला असताना एका सकाळी तन्वीला थंडी वाजून ताप आला. प्रमिलाताईंनी वेळ घालवला नाही, रिक्षा करून तिला लगेच बाईंकडे आणले. बाईंनी आल्या आल्या रक्त घेतले, अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू केले आणि मुंबईला फोन केला. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. रुग्णवाहिकेत बाई स्वतः बसल्या. चारोटीला महामार्गाला लागेपर्यंत तन्वी बोलत होती, आईला सांगत होती की बाबांना कळवू नको, ते जाळे तसेच सोडून परत येतील. पुढे तिचा रक्तदाब उतरू लागला आणि बोलणे थांबले. मुंबईला अतिदक्षता विभागात तिच्यासाठी करता येईल ते सगळे केले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वी गेली.

तिच्या शेवटच्या तपासणीतही कर्करोग नव्हता.

हरीशला वायरलेसवरून फक्त एवढेच कळवले होते की पोरीची तब्येत बिघडली आहे, परत ये. तन्वीला डहाणूला आणले तेव्हा तो अजून वाटेवर होता. घरात रडारड चालली होती. वाडीतल्या माणसांनी ठरवले की होडी लागली की त्याला कुणीतरी हळूहळू सांगेल. बाई म्हणाल्या, "मी थांबते." सगळ्यांनी त्यांना नको म्हणून सांगितले. तो समुद्रावरून थकून येणार, रागाच्या भरात काय करील सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बाईंनी मला बरोबर यायला सांगितले आणि आम्ही बंदरावर जाऊन उभे राहिलो. ऊन उतरले होते. होडी दिसली, आत येऊ लागली. हरीशने लांबूनच बाईंना पाहिले असावे. होडी पुरती टेकायच्या आधीच तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"गेली?" त्याने विचारले.

"गेली," बाई म्हणाल्या.

"आजार परत आला होता?"

"नाही. आजार नव्हता."

"मग?"

"औषधांनी तिची ताकद संपवली होती, हरीश. जंतू अंगात शिरले, ते तिला परतवता आले नाहीत."

तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं तिला औषध सोसणार नाही. तुम्हीच सांगितलं होतं. मग पाठवलंत कशाला?"

"नाही पाठवलं असतं तर आजारानं दोनतीन महिन्यांत नेलं असतं. पाठवलं तर वाचेल अशी आशा होती. म्हणून पाठवलं. पाठवणारी मीच."

बाईंना त्या क्षणी किती गोष्टी सांगता आल्या असत्या. निर्णय मुंबईच्या तज्ज्ञांचा होता, देवाची इच्छा होती, डॉक्टरांच्या हातात काही नसते. यातले एकही वाक्य त्यांनी उच्चारले नाही. हरीश म्हणाला, "माझ्या दारात येऊ नका." आणि घराकडे धावत गेला. मागे होडीवरची माणसे तशीच उभी होती. बाई अंत्यविधीला घराजवळ गेल्या नाहीत, रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबल्या. त्यानंतर आजपर्यंत बाई त्या घराची पायरी चढलेल्या नाहीत. त्याने येऊ नका म्हटले होते, आणि बाईंच्या मते तो त्याचा अधिकार आहे.

त्या वर्षी बाईंनी सुदृढ बालक स्पर्धा बंद केली. कारण विचारणाऱ्यांना त्यांनी तन्वीचे नाव सांगितले नाही, फक्त "आता नको," म्हणाल्या. मी त्यांना इतके खचलेले कधी पाहिले नव्हते. रुग्णालयात त्या येत, मुले तपासत, पण जेवायच्या वेळी डबा न उघडता बसून राहत. एकदा मला म्हणाल्या, "दिनेश, मी आयुष्यभर आयांना एकच वाक्य सांगितलं, अजून एक घास घाल. त्यातल्या किती जणींना ते थांबवायला सांगायचं राहून गेलं?"

बऱ्याच महिन्यांनी प्रमिलाताई आपणहून रुग्णालयात आल्या. मी तेव्हा बाईंसमोर बसलो होतो. उठू लागलो तर त्याच म्हणाल्या, "बसा तुम्ही." मग बाईंना म्हणाल्या, "एकच विचारायला आले. मी तिला लहानपणापासून आवरतं खायला दिलं असतं, तर जगली असती का?"

बाईंनी चष्मा काढला. "मला माहीत नाही, प्रमिला. औषधं सोसायला सोपं गेलं असतं. कदाचित ते एक औषध बंद करावं लागलं नसतं. पण जगली असती असं मी म्हणू शकत नाही, आणि नसती असंही म्हणू शकत नाही. बारीक मुलंही यात जातात, जाडी मुलंही वाचतात."

"नक्की काहीच सांगता येत नाही?"

"नाही. नक्की एवढंच, की तू तिला मारलं नाहीस."

प्रमिलाताई उठल्या. जाताना दाराशी म्हणाल्या, "सगळे म्हणतात देवाला आवडली. तुम्ही एकट्यांनीच नीट सांगितलं." त्यात कौतुक होते की तक्रार, हे मला त्या दिवशी कळले नाही. आजही खात्रीने सांगता येणार नाही.

त्यानंतर बाईंनी या वयात नवे काम हाती घेतले. महामार्गालगतच्या आणि किनाऱ्यावरच्या शाळांमधून त्या मुलांची वजने घेऊ लागल्या, आणि जड मुलांच्या आयांना घरी जाऊन भेटू लागल्या. पुष्कळांनी त्यांची टिंगल केली. जन्मभर खाऊ घाला म्हणणाऱ्या बाई आता खाऊ घालू नका म्हणतात, असे बाजारात बोलले जाई. बाई म्हणत, "बोलू दे. मी घास मोजायला सांगत नाही, वेफरचे पुडे बंद करा म्हणते आणि पोरांना चालू द्या म्हणते." एखादे मूल रडेल किंवा लाजेल असे काही त्या कधी बोलल्या नाहीत. वजनकाटा नेहमी पडद्याआड ठेवायच्या आणि आकडा कधी मोठ्याने वाचायच्या नाहीत. तन्वीला वर्गात काय काय ऐकावे लागे, ते तिने त्यांना वाळूत बसून सांगितले होते.

याच वर्षाच्या सुरुवातीला माझ्याच दवाखान्यात गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडहून हंसाबेन आपल्या मुलाला घेऊन आल्या. त्यांचे नाक्याजवळ फरसाणाचे दुकान आहे. मीत दहा वर्षांचा, अंगाने चांगलाच भरलेला. ताप, फिकटलेला चेहरा, आणि पायांवर तेच ठिपके. रक्ताचा अहवाल पाहून मी बाईंना फोन केला. त्या तलासरीला आल्या त्या एकट्या आल्या नाहीत. बरोबर प्रमिलाताई होत्या. हरीशने त्यांना मोटारसायकलवरून स्टेशनला सोडले होते, पण बाईंकडे न बघता तो परत गेला होता. तो बाईंशी अजून बोलत नाही.

माझ्या छोट्या खोलीत बाई हंसाबेनच्या शेजारी बसल्या आणि तेच सगळे पुन्हा सांगितले, आजाराचे, आशेचे आणि वजनाचे. हंसाबेन पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बेन, आता मी एकली काय करू? ह्याचे पप्पा दुकान सोडून येऊ नाय शकत."

तेव्हा प्रमिलाताई पहिल्यांदा बोलल्या. "मी येते तुमच्यासोबत मुंबईला. भूक लागली म्हणून पोरगा रडेल, तुम्हाला वाईट आई म्हणेल. तेव्हा तुम्हाला माणूस लागेल." मग म्हणाल्या, "माझी मुलगी यातून वाचली नाही. ते तुम्हाला नंतर बाहेरून कळण्यापेक्षा आत्ताच सांगते."

हंसाबेननी प्रमिलाताईंचा हात धरला, आणि मुंबईच्या वॉर्डात अजूनही पुष्कळदा तो तसाच धरलेला असतो. मीतच्या खाण्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष दिले जात आहे, तो रोज व्हरांड्यात चालतो, रोज रडतो. कावीळ त्यालाही होऊन गेली. त्याचे पुढे काय होईल हे आज मुंबईचे तज्ज्ञ सांगू शकत नाहीत आणि बाईही सांगत नाहीत. मी विचारले तर म्हणतात, "आज जेवला का, तेवढं विचार."

बाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. अशा प्रसंगी यशाची यादी वाचावी असा रिवाज आहे, आणि बाईंच्या नावावर यश कमी नाही. मी मात्र त्यांच्या पराभवाबद्दल लिहिले, कारण पराभव झाल्यावर त्या कुठे उभ्या होत्या ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांचे गुडघे आता दुखतात, ते त्यांनी वेळेवर दाखवावेत. प्रवासात त्यांनी सोबत कुणाला तरी घ्यावे, आणि दुपारचा डबा रोज उघडावा, एवढी त्यांच्या शिष्याची विनंती. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो असे म्हणताना माझा स्वार्थ लपलेला नाही. आपल्या भागातल्या आईबापांना वाईट बातमी ऐकण्याची वेळ पुढेही येत राहणार आहे. ती सांगायला शेजारी येऊन बसणारे, आणि सांगून झाल्यावरही उठून न जाणारे माणूस आपल्यात अजून खूप वर्षे असू दे.